ऐंशी नंबर

देगलूरला, उदगीर नाक्यावर
पंपटवारांच्या किराण्याला लागून माझं फर्निचरचं दुकान.
दुकान कमी, भुसा जास्त.
सांजच्याला त्या भुशावरच बसतात सगळे
आणि आठ दिवस झाले, विषय एकच :
गुणवंताला माहीत होतं का नव्हतं.

फायनल होती बिदरशी. चौतिसावी ओव्हर.
अंपायरनं बॉल मागितला, फिरवून फिरवून पाहिला,
खरबूज घेताना घेतात तसा नाकापाशी नेला
आणि पोराला म्हणला, खिसा दाखव.
पोरगं म्हणजे आमचा ओमप्रसाद, एकोणीस वर्षांचा.
त्याला स्वतःच्याच पँटीचा खिसा सापडेना.
मग निघाला तुकडा.
आगपेटीएवढा, पिवळट.

येरावार सर म्हणतात,
कप्तानाला इचारल्याबिगर स्लिपमधला माणूस जांभई देत नाही,
आणि हे तेवढं कळलं नाही व्हय त्याला?
लतीफभाई म्हणतात, मास्तर,
वर्गात कॉपी झाली तर तुम्ही फासावर जाता का?
सर चष्मा पुसत बसले.
मार्चमधलं परीक्षा केंद्र सगळ्यांनाच आठवलं.

हणमंत म्हणला, ज्याच्या हाती ससा तो पारधी.
संपलं.
शेषेराव म्हणले, संपलं कसं?
ससा पोराच्या हाती, खरंय,
पण हाका कुणी घातलता?

मग निघाली ती गोष्ट, दर वेळी निघते ती,
मोडक्या अंगठ्यानं गुणवंतानं काढलेल्या एक्काहत्तर रनांची.
असल्या माणसाला कागद लागतो का, लतीफभाईंचा आवाज चढला.
समोरचे दोनशे दहाला दोन असले
की कुणालाबी लागतो, शेषेराव म्हणले
आणि त्यांनी बिडी दुसऱ्या तोंडानं पेटवली,
मग थुंकून सरळ केली.

बक्षिसाच्या मांडवात गुणवंत माइकवर म्हणला होता,
जबाबदारी माझी आहे.
आता त्या वाक्याचा कीस :
सर म्हणतात, कबूल झाला.
हणमंत म्हणतो, जबाबदारी म्हणला, चूक नाही म्हणला.
पंपटवार गल्ल्यावरूनच ओरडतात,
उधारी माझी म्हणणारे लई येतात इथं,
देणारे किती?

मी रंधा मारत राहतो.
मला कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं का, माहीत नाही.

शुक्रवारी दिवे लागायच्या वेळी
ओमप्रसाद आलता. म्हणला, काका,
बॅटचा दांडा टोचायलाय, जरा पॉलिश पेपर द्या.
मी विचारलं, कितीचा?
बॅटच्या दांड्याला दीडशे पुरतो.
त्यानं मागं वळून पाहिलं.
म्हणला, ऐंशी.

मागं, रस्त्याच्या कडेला, गुणवंताची गाडी उभी होती.
इंजिन चालू.
गुणवंत गाडीवरच, एक पाय खाली टेकवून,
आणि तोंड तिकडं, हणेगावच्या रस्त्याकडं.
त्या रस्त्यावर त्या वेळी काही नव्हतं.
एक म्हैस बी नव्हती.

एवढंच.
तो काही बोलला नाही. माझ्याकडं पाहिलं नाही.
पोरगं मागं बसलं, गाडी गेली.
पैसे घ्यायचे राहिले, दोन रुपये.

आता हे कुणाच्या बाजूनं टाकायचं?
लतीफभाईंना सांगितलं तर म्हणतील, बघितलंच नाही ना त्यानं.
सरांना सांगितलं तर म्हणतील, बघितलंच नाही ना त्यानं.

पोराला दोन वर्षं बंदी.
आजकाल दुकानावरून जाताना
उन्हाच्या बाजूनं जातो, सावली सोडून.
परवा गुणवंताकडून निरोप आला,
पोरीला अभ्यासाचं टेबल पाहिजे, सागवानी,
कड अशी घासा की हात फिरवला तर कळू नये.

घासायलोय.
आधी ऐंशीनं, मग दीडशेनं.
मागं लतीफभाई म्हणायलेत, पुरावा काय?
आणि माझ्या हाताखाली
एक एक रेघ जायली.